निळ्या पेन्सिलीचा झरा

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या आमच्या गावात खोटं बोलणं पाप होतं. पाण्याबद्दल खोटं बोलणं हा मात्र गुरं पाळणाऱ्याचा शहाणपणा समजला जाई. ऑर्लन लिस्टन दर रविवारी प्रार्थनाघरात पहिल्या बाकावर बसायचा. त्याला यात काही विसंगत दिसत नसे.

१९५२ साली नकाशा बनवायला सरकारी मोजणीदार आले. त्यांचं सामान ऑर्लनच्याच खेचरांवर चढलं. तीन आठवडे त्याने त्यांना लाल खडकांच्या दऱ्यांतून हिंडवलं, घळी-घळीचं नाव सांगितलं. एका घळीपाशी साहेबाने विचारलं, "इथे पाणी?"

"इथे? इथे सरडासुद्धा पाण्याचा डबा घेऊन येतो, साहेब."

त्याच घळीत कड्याखालच्या झऱ्यावर त्याच्या चाळीस गाई जगत होत्या. नकाशा छापून आला. तपकिरी रेषांचं काय देखणं जाळं! त्या घळीत मात्र पाण्याचा निळा ठिपका नव्हता.

त्याची मुलगी वेल्डा गावच्या दुकानात खिळे, मोजे आणि हे नकाशे विकायची. दुकानाच्याच कोपऱ्यात माझं पोस्ट होतं. दरीत उतरणारा प्रत्येक जण तिच्या वहीत नाव-पत्ता लिहून जाई. परतला नाही तर शोधायचं कुणाला, ते कळावं म्हणून. एका ऑगस्टात एक शाळामास्तर त्या घळीतून तहानेने अक्षरशः रांगत आला. तेव्हापासून वेल्डा प्रत्येक नकाशावर गुपचूप निळा ठिपका काढून मगच तो विकू लागली. बापाला कळलं तर? कुंपणाच्या वादावरून तो सख्ख्या भावाशी अकरा वर्षं बोलला नव्हता.

एके दुपारी तो पेपरमिंट घ्यायला आला, तेव्हा पेन्सिल तिच्या हातातच होती.

"हे काय गं?"

"झरा, बाबा. माणसं मरतील नाहीतर."

मी शिक्का मारायचा थांबलो. ऑर्लनने चष्मा चढवला, नकाशा खिडकीकडे धरला.

"असे किती विकलेस?"

"तीसेक."

"अगं कार्टे! झरा कड्याच्या उत्तरेला आहे. तू दक्षिणेला काढलायस! लहानपणी घोड्यावर झोपा काढायचीस, त्याची ही फळं."

मग बापलेक वही उघडून तीस पत्रं लिहीत बसले. मी ती त्याच दिवशी रवाना केली. आता लोक फोन बघत दरीत उतरतात. वही कुठे गेली देव जाणे. ऑर्लनच्या पत्रातल्या दोन ओळी मात्र अजून आठवतात: "पाणी उत्तरेला. गाईंना हुसकावू नका."