नात्याच्या रकान्यात

माझ्या नवऱ्याला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी समुद्राकाठी राहायचं सुचलं. आपल्या समुद्राकाठी नव्हे, तिथं कचरा असतो म्हणे. त्याला परदेशातला हवा होता, पांढऱ्या वाळूचा, आणि तोही निवृत्तीची वाट न बघता. बावीस वर्षं मी या माणसाला अहो-जाहो केलं, चारचौघांत केलं आणि घरातही केलं. इथं एकेरीत लिहिते आहे. का, ते पुढं कळेल.

आम्ही बेळ्ळंदूरला अकराव्या मजल्यावर राहायचो. मी अजूनही तिथंच राहते. तो पुण्याचा, मी इथलीच, कन्नड मुलखातली, पिढ्यान्‌पिढ्यांची. अण्णा, म्हणजे माझे वडील, चिकपेटला साड्यांचं दुकान चालवायचे. गिऱ्हाइकाशी कन्नड, घरी मराठी, आणि त्या मराठीत मध्येच 'स्वल्प' म्हणजे थोडं यायचं, मध्येच 'सरी' म्हणजे ठीक यायचं. नवऱ्याला त्याचं भारी हसू यायचं. मित्र जेवायला आले की मला मुद्दाम बोलतं करायचा. "हिला विचारा भाजी कशी झालीय. आता बघा, स्वल्प तिखट म्हणेल." मी म्हणायचे आणि सगळे हसायचे. त्यांच्याबरोबर मीही हसायचे, बावळट कुठली.

तर समुद्र. ऑफिसातून आला की हा लॅपटॉप उघडून बसायचा आणि देश बघायचा, मुलीसाठी स्थळं बघावीत तसे. एका देशात हवा दमट, दुसऱ्यात रांग मोठी, तिसऱ्यात डाळ मिळत नाही. सगळ्यांना नाकं मुरडून झाली. निवृत्तांचा व्हिसा पन्नाशीनंतरच मिळायचा आणि त्याला चार वर्षं थांबायचं नव्हतं. घर विकत घेणाऱ्यांचा व्हिसा होता, तो झेपणारा नव्हता. लॅपटॉपवर दुसरीकडचं काम करणाऱ्यांचा होता, पण त्याला काम नावाची गोष्टच नको होती. शेवटी एका देशाचा सापडला, घरभाडं आणि व्याज यांवर जगणाऱ्यांसाठीचा. दर दोन वर्षांनी वाढवून मिळणारा. पुण्यातल्या दोन फ्लॅटचं भाडं त्याला येत होतंच. त्या दिवशी त्यानं स्वतःहून चहा केला, म्हणजे बघा.

"बायकोला त्यात अवलंबित म्हणून नेता येतं," तो म्हणाला. "अवलंबित व्यक्तीला तिथं नोकरी करता येत नाही. तुझं काय, तुला घरी बसायला आवडेलच."

मला आवडणार नव्हतं. एकोणीस वर्षं मी इथल्या एका शाळेत गणित शिकवत होते. ते बोलून दाखवलं तर म्हणाला, "आठवीचं गणित गं ते. त्यासाठी काय जग अडून बसलंय?" मी राजीनामा दिला. शाळेनं शाल आणि नारळ दिला, मुलींनी रडून घेतलं. घरी आले तर म्हणाला, नारळ फोडून टाक, इथंच संपव, तिकडे नेता येणार नाही.

मग कागदपत्रांची यादी आली. नवव्या क्रमांकाला होतं लग्नाचं सर्टिफिकेट. ते आमच्याकडे नव्हतं.

आता हे कुणाला खोटं वाटेल, पण आमच्या लोकांत तेव्हा असंच होतं. रजिस्टर लग्न म्हणजे घरातून पळून गेलेल्यांनी करायचं. आमच्या लग्नात, पंगती चालू असताना, दुकानाच्या वकिलानं अण्णांच्या कानात सांगितलं की एकदा जाऊन नोंदणी करून टाका. अण्णा असे भडकले की हातातलं तुपाचं भांडं आपटलं. "नोंदणी कशाला? माझी पोर काय पळून चाललीय? अख्खं चिकपेट जेवून गेलंय, विचारा त्यांना!" सासरच्यांनीही माना डोलावल्या. त्यांनाही तो अपमानच वाटला. नवरा माझ्या शेजारी मुंडावळ्या बांधून बसला होता, तोही हसला. पुढं त्या कागदावाचून आमचं काही अडलं नाही. मूल झालं असतं तर कुठंतरी, कधीतरी, कुणीतरी मागितला असता. झालं नाही. त्यावर नवऱ्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते मी इथं लिहिणार नाही.

सर्टिफिकेट काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आणि खरं सांगते, मला ते आवडलं. लग्नपत्रिका सापडेना. अखेर अक्काकडे, माझ्या थोरल्या बहिणीकडे, पत्र्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेली मिळाली. ती तिनं वाफ देऊन देऊन सोडवली. सप्तपदीचा फोटो मिळाला. लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार लागत होते. अक्का तयार झाली, भावोजी तयार झाले. तिसरे, आमचं लग्न लावलेले गुरुजी. ते ऐंशीच्या पुढचे, कानानं पार गेलेले, पण चिकपेटच्या मागच्या गल्लीत जिवंत होते. मी त्यांना रिक्षानं घेऊन आले. अण्णांच्या दुकानातली शेवटची मोरपंखी रेशमी साडी नेसले. अक्का म्हणाली, "अगं बाई, परत नवरी झालीस की!" मी लाजले. चव्वेचाळीस वर्षांची घोडी, सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून लाजले.

तो आला नाही.

अकराची वेळ होती. बाराला मी फोन केला, साडेबाराला केला, मग मोजणं सोडलं. गुरुजी दर दहा मिनिटांनी मोठ्यानं विचारायचे, "मुलगा कुठाय? मुहूर्त टळतोय!" सगळं ऑफिस वळून बघायचं. तिथला क्लार्क कन्नडमध्ये म्हणाला, अम्मा, नवऱ्याशिवाय लग्नाची नोंद कशी करू? शेजारी एक कोवळं जोडपं बसलं होतं ते खुदखुदलं. एकच्या सुमारास मेसेज आला. 'मीटिंग. पुढची तारीख घे.' भावोजींनी गुरुजींना घरी सोडलं, आणि जाताना गुरुजींनी मला अष्टपुत्रा सौभाग्यवती भव म्हणून आशीर्वाद दिला.

पुढची तारीख मी घेतली. त्या दिवशी सकाळी तो पेपर वाचत बसला होता, अंघोळ नाही, काही नाही. मी साडी नेसून समोर उभी राहिले.

"राहू दे आता," तो पेपरातूनच म्हणाला. "त्याची गरज नाही उरली. आधी मी एकटा जातो, बस्तान बसवतो, मग तुला बोलावतो. सोपं पडेल."

"अहो पण मग माझा अर्ज?"

"नंतर गं. किती कटकट करतेस!"

मी विश्वास ठेवला. अक्काला फोन करून कारण सांगितलं, तेही त्याच्या बाजूनं.

दोन दिवसांनी त्यानं माझ्या हातात कागदांचा गठ्ठा दिला. मारतहळ्ळीला एक झेरॉक्सवाला आहे, त्याच्या शेजारीच नोटरी बसतो. "तू जा. तुला आता शाळा तरी कुठाय?" मी गेले. झेरॉक्सवाल्यानं सगळी पानं काढली आणि गठ्ठा माझ्यासमोर सरकवला. इथं कुठल्याही बाईला अक्काच म्हणतात. "अक्का, स्वल्प बघून घ्या, एखादं राहिलं असेल." मी बाई शिस्तीची, तोंडानं मोजत एकेक पान बघत गेले. तिसऱ्या पानावर वैवाहिक स्थिती. अविवाहित. मला वाटलं चूक झाली, घरी जाऊन सांगू. पाचव्या पानावर, अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं. तिथं माझं नाव होतं, लग्नाआधीचं. माझा फोन नंबर, माझाच पत्ता. आणि पुढं नात्याच्या रकान्यात, त्याच्या त्या सुबक अक्षरात, परिचित.

"सरी आहे का, अक्का?" झेरॉक्सवाल्यानं विचारलं. मागं चार माणसं उभी होती.

"सरी आहे," मी म्हटलं. "आणखी एक सेट काढा." नोटरीकडे गेले, शिक्के मारून घेतले, सही केली म्हणून त्याला थँक्यूसुद्धा म्हटलं.

घरी आल्यावर मी ते पान त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यानं बघितलं आणि आमटी वाढून घेतली.

"एकट्याला जेवढं उत्पन्न दाखवावं लागतं तेवढं माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "तुला धरलं की कमी पडतं. साधं गणित आहे. तू तर शिकवायचीस."

"म्हणून अविवाहित?"

"खोटं काय त्यात? आहे का तुझ्याकडे लग्नाचा कागद?"

मी ट्रंकेतून सोडवलेल्या पत्रिकेचं सांगितलं, सप्तपदीच्या फोटोचं, गुरुजींचं. तो हसला. तेच, मुंडावळ्यांतलं हसू. मग मी अगदी वेड्यासारखं विचारलं, परिचित तरी का लिहिलंत? निदान चुलत बहीण, मावसबहीण, काहीतरी लिहायचं!

"नातेवाईक लिहिलं की पुरावा मागतात. परिचिताला पुरावा लागत नाही," तो म्हणाला. "भात आण."

मी भात आणला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अजून त्या भाताचीच चीड येते, नवऱ्यापेक्षा माझी जास्त.

अक्का म्हणाली, त्या वकिलातीला एक मेल टाक, सगळं बोंबलेल त्याचं. मी दोनदा लिहिला. फोटो जोडला, पत्रिका जोडली. दोन्ही वेळा पुसून टाकला. तुम्ही म्हणाल क्षमा केली. कसली क्षमा! मेल गेला असता तर हा माणूस इथंच राहिला असता, याच अकराव्या मजल्यावर, आणि तुझ्यामुळे माझा समुद्र गेला असं मरेपर्यंत ऐकवत बसला असता. जा बाबा, म्हटलं. एकदाचा जा.

जाताना मी त्याच्या औषधांचा डबा भरून दिला. रक्तदाबाची गोळी सकाळी, कोलेस्टेरॉलची रात्री. झाकणावर चिठ्ठी चिकटवली, सल्फाची औषधं चालत नाहीत, एकदा श्वास बंद व्हायची वेळ आली होती, असं ठळक लिहून. बॅग वजनात बसेना म्हणून त्यानं तो डबा बाहेर काढला. तिथं सगळं मिळतं, म्हणाला. बूट मात्र दोन जोड नेले.

तिथून समुद्राचे फोटो यायचे. फोटोत नेहमी निम्मा समुद्र आणि निम्मे त्याचे पाय. बोलावणं आलं नाही. मी विचारलं नाही. शाळेत माझ्या जागी दुसऱ्या बाई आल्या होत्या, त्यामुळे घरी शिकवण्या सुरू केल्या. आठवीचंच गणित. जग अडून बसलेलं असतं हो, निदान परीक्षेच्या आधी महिनाभर तरी.

वर्ष होत आलं होतं. एका दुपारी मी चिंच कोळत होते, तर परदेशातला नंबर आला. मी कोपरानं स्पीकर लावला. तिथल्या हॉस्पिटलमधून एक बाई सावकाश इंग्रजीत बोलत होती. नवरा भाड्याच्या स्कूटरवरून पडला होता. मांडीचं हाड मोडलं, खुबाही गेला. ऑपरेशन व्हायचं होतं. शुद्धीवर होता, पण घाबरून काहीबाही बोलत होता, औषधांची नावं त्याला सांगता येत नव्हती. त्याच्या व्हिसाच्या अर्जाची प्रत तिच्यासमोर होती, त्यात माझा नंबर होता.

मी सगळं सांगितलं. गोळ्यांची नावं, किती वर्षांपासून, किती मिलिग्रॅम. सल्फा देऊ नका हे दोनदा सांगितलं आणि तिच्याकडून परत म्हणवून घेतलं. रक्तगट सांगितला. तेरा वर्षांपूर्वी भूल दिल्यावर उलट्या झाल्या होत्या तेही सांगितलं. एका दमात. हात चिंचेनं बरबटलेले तसेच.

तिनं सगळं लिहून घेतलं. "तुम्हाला बरीच माहिती आहे," ती म्हणाली. "त्यांना तीन-चार महिने कुणीतरी सोबत लागेल. ते म्हणतात बायकोला बोलवा. बायको असेल तर आम्ही पत्र देतो, व्हिसा लगेच होतो. पण त्यांच्या कागदांवर अविवाहित आहे. तुम्ही त्यांच्या पत्नी का?"

मागून त्याचा आवाज येत होता. चिरका, रडवेला. बावीस वर्षांत मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. "अगं, सांग ना त्यांना! सांग ना गं, स्वल्प—" स्वल्पच म्हणाला तो. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

"लग्नाचं सर्टिफिकेट आहे का तुमच्याकडे?" बाईनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"मग नातं काय लिहू?"

"पाचव्या पानावर आहे बघा," मी म्हटलं. "परिचित."