तारेवरचा हात

विश्राम तांडेल बोईसरच्या मालधक्क्यावर खलाशी म्हणून लागला तेव्हा त्याची चाळिशी उलटली होती. जमिनीवरचा खलाशी म्हणजे अवजड यंत्रांना तार बांधून ती वॅगनमधून उतरवणारा. सारी हयात होडीवर गेलेली. गाठ त्याला शिकवावी लागली नाही. धाकटी बहीण जयवंती हिचा नवरा नवशा, त्यालाही त्याने कामावर लावला. "दादा, हातीपायी धड परत आन त्याला," एवढंच जयवंती म्हणाली.

क्रेनची विश्रामला पहिल्यापासून धास्ती. मुकादम कमलाकांत थोडा शिकलेला. जेवणाच्या सुट्टीत तो म्हणाला, "क्रेन म्हणजे इंग्रजीत करकोचा. लांब मानेचा पक्षी. त्याच्यावरून यंत्राला नाव पडलं. मान उंच करून बघायचं, त्यालाही तोच शब्द."

"आनि हा करकोचा खातो काय, मुकादम?" नवशाने विचारलं. सगळे हसले. विश्राम हसला नाही. खाडीकाठच्या खाजणात न हलता उभा राहणारा तो पक्षी त्याने पाहिला होता. माशाला तो शेवटपर्यंत कळत नाही.

होडी ओढताना कोळी दोरावर हात ठेवतो. काथ्याचा दोर थकला की कुरकुरतो, तळव्याला कळतं. पोलादी तार कुरकुरत नाही. "ताण आला का तारेपासून लांब," विश्राम नवशाला रोज बजावायचा.

त्या दुपारी एक मोठी पेटी वीतभर उचलली गेली. सगळ्यांच्या माना वर. नवशाचा हात तारेवर.

"आयला, टोचलं काय तरी!"

तळव्यावर रक्त होतं. विश्राम समजला. तारेचे धागे तुटून वर आले होते. त्याने नवशाचा दंड धरून त्याला मागे खेचला. काडकन आवाज झाला. नवशा उभा होता तिथूनच तार फटकारत गेली आणि वॅगनची फळी चिरली. पेटी आदळली.

"उद्यापासून होडीवर जा तू," विश्राम म्हणाला.

"आनि तू?"

"मला कळतं."

सकाळी नवी तार आली. हाताला फडकं बांधून नवशाही आला. पेटी उचलली. नवशा हात पाठीमागे बांधून लांब उभा राहिला. वर क्रेनची मान हळूहळू वळत होती.

"दादा," नवशा एकदम ओरडला, "तुजा हात!"

विश्रामने खाली पाहिलं. त्याचा तळवा तारेवर होता.