ओळख

राजुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका वेल्डरचं दुकान आहे. बरीच वर्षं तो एका अरब देशात कामाला होता. सरकारचा विषय निघाला की तो तोंडासमोर काळी काच धरतो आणि ठिणग्या उडवायला लागतो.

एकदाच तो बोलला. तिथे राजाविरुद्ध लोक चौकात जमले, तेव्हा त्याच्या शेजारचा पाववाला त्यांना पाव पोचवायचा. शिपायांनी त्याला धरलं. "मले विचारलं, याले ओळखतं काय? मी नाई म्हटलं, भाऊ. तीन वर्षं त्याच्याच हातचा पाव खाल्ला होता."

मागच्या महिन्यात खाणीच्या धुळीविरुद्ध आमची गल्ली तहसीलसमोर बसली. फौजदारानं एका मासे विकणाऱ्या बाईला गाडीत बसवलं. "ही बाहेरून आलेली आहे. कोणी ओळखता हिला?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. वेल्डर उठला.

"मी ओळखतो, साहेब. आमच्या गल्लीतली आहे. तिच्यासंगं मलेबी न्या."

संध्याकाळी दोघांनाही सोडलं. ती बाई दर बुधवारी माझ्या दारात मासे तोलते. त्या गर्दीत मीही होतो.