कूस वळताना

आमच्या वऱ्हाडात पोटुशी बाईला पहिली शिकवण काय, तर कूस बदलायची झाली की आधी उठून बसायचं, मग दुसऱ्या कुशीवर निजायचं. पडल्या पडल्या वळलं तर नाळ बाळाला गुंडाळते म्हणतात. मला सासूनं सांगितलं, मी लेकीला सांगितलं. अन् लेकीच्या सासूनं, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, तिला रोज फोनवर सांगितलं.

लेक पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे अकोल्याला आली होती. विहीणबाईही अचलपूरहून येऊन राहिल्या होत्या. कळा सुरू झाल्या तसं तिला दवाखान्यात नेलं. आम्हा दोघींनाही आत राहू दिलं, हे सिस्टरचे उपकार. तिनं गेल्या गेल्या लेकीच्या पोटावर पट्टा बांधून मशीन सुरू केलं. बाळाचे ठोके खोलीभर ऐकू यायला लागले.

"बाप्पा, किती घाई याले!" विहीणबाई हसल्या.

अन् ठोके एकदम मंदावले. सिस्टर म्हणाली, "ताई, उताण्या नका राहू. डाव्या कुशीवर वळा."

लेक सवयीनं उठून बसायला लागली. पट्टा सरकला, आवाजच बंद! सिस्टर ओरडली,

"उठू नका! पडल्या पडल्या वळा!"

"असी कसी वळन ते?" विहीणबाई म्हणाल्या. "नाळ गुंडाळते ना बाई!"

"नाही गुंडाळत, मावशी. उताणं निजलं की पोटाचा भार रक्ताच्या नळीवर येते. बाळाले रक्त कमी पडते."

लेक अर्धवट उठलेली. एकदा माझ्याकडे पाहते, एकदा सासूकडे. शेवटी विहीणबाईंनीच तिच्या कमरेखाली हात घातला.

"वळ माय. मीच नाही म्हनलं होतं, आता मीच सांगतो, वळ."

सिस्टर पट्टा नीट करून ठोके शोधत होती. तेवढा वेळ आम्ही विहिणी एकमेकींचा हात धरून उभ्या. मग सापडले. आधी हळू, मग हळूहळू पहिल्यासारखे. डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या, पण पट्टा काही सोडू दिला नाही.

दुपारी नातू झाला. खोली डोक्यावर घेतली त्यानं. तरी मला भरोसा येईना.

"सिस्टर, एकदा ठोके ऐकवा ना याचे."

"मावशी, आता तो स्वतःच ओरडून राहिला ना!"

"ऐकवा वं," विहीणबाई म्हणाल्या, "मलेबी ऐकाचे हायेत."

सिस्टरनं हसत गळ्यातली ठोके ऐकायची नळी काढून त्यांच्या कानाला लावली, दुसरं टोक नातवाच्या छातीवर ठेवलं. मी हात पुढं करून उभी, पण विहीणबाई काही केल्या ती देईनात.