घरच्या कर्त्याला बोलवा

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका छोट्या मनोविकार दवाखान्यात लोकांचं ऐकून घेणारी, त्यांना समजावणारी अशी मी एकटीच होते. दर बुधवारी दुपारी डॉक्टरांसमोर बसून आठवड्यातल्या केसेस सांगायच्या, याला आम्ही सुपरव्हिजन म्हणायचो. त्यात काही लपवायचं नाही, हा पहिला नियम. मला तो मनापासून पटला होता. दिवसभर लोकांची दुःखं ऐकून जीव कोंडायचा. आपलं चुकलं तर कान धरणारं कुणी आहे, याचा केवढा आधार वाटायचा!

डॉक्टर मायाळू होते, हेच तर दुखणं. कसलीही केस असो, त्यांचा उपाय ठरलेला: "घरच्या कर्त्याला बोलवा." आमच्याकडे माग, संसार आणि भांडणं एकाच छपराखाली. कर्त्यानं ऐकलं की घर ऐकतं, असं ते म्हणत, आणि बऱ्याचदा तसं होतही असे.

विणकराच्या घरातली एक तेलुगू सून माझ्याकडे यायची. विड्या वळताना तिचे हात कापायचे, तंबाखू सांडायची. कितीतरी दिवस नुसती बसून राहिली. मग एकदाची बोलली. नवरा मिलमध्ये पाळीला गेला की थोरले दीर तिच्या खोलीत शिरत.

"कुणाला सांगू नका की, अक्का. घर तेच चालवतात. मला दुसरी जागा कुटं हाय?"

डॉक्टरांशिवाय कुणालाही सांगणार नाही, असं मी म्हणाले. ती कशीबशी तयार झाली.

बुधवारी मी सगळं सांगितलं. तिच्या नवऱ्याशी बोलावं की तिला आधी माहेरी पोचवावं, एवढंच मला विचारायचं होतं. डॉक्टर म्हणाले,

"ते दीर माझ्या ओळखीचे आहेत. देवमाणूस. अगं, अशा अवस्थेत नसते भास होतात. बोलावून घेऊ त्यांना."

"डॉक्टर, त्यांनाच?"

"कर्ते तेच आहेत ना?"

मी विनवलं, भांडले, शेवटी रडले. "तू केसमध्ये फार गुंतलीस, बाळ," ते म्हणाले. त्या बाळ म्हणण्याचा मला इतका संताप आला की समोरचं टेबल उलथून टाकावंसं वाटलं. पण डॉक्टरांच्या वर दाद मागायला सबंध गावात कुणी नव्हतं.

दीर आले ते तिला घेऊनच. पांढरी टोपी, हात जोडलेले. डॉक्टर त्यांना म्हणाले, "भावजयीला तुमची भीती वाटते. जरा सांभाळून घ्या."

"लेकीसारखी हाय ती मला, डॉक्टरसाहेब."

भिंतीशी उभ्या असलेल्या तिनं डॉक्टरांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. दीर उठले, तशी तीही त्यांच्या मागोमाग बाहेर पडली. पुढं मी दोनदा तिच्या घरी गेले. दोन्ही वेळा दीरच दारात आले. ती झोपलीय, म्हणाले.

नंतरच्या एका बुधवारी डॉक्टरांनी विचारलं, "ती विडीवाली कशी आहे?"

"येत नाही आता."

"म्हणजे बरी झाली. बघ, उगाच घाबरली होतीस. पुढची केस सांग."

पुढच्या बाईनं आदल्याच दिवशी माझ्याजवळ मन मोकळं केलं होतं. तिचं काय करावं, मला कळत नव्हतं. कुणाला तरी विचारायची नितांत गरज होती.

"तिचं डोकं दुखतं," मी म्हणाले. "बाकी काही नाही."