फोटोच्या कापलेल्या कडा

सज्जनबाईंचं निम्मं आयुष्य धान्य निवडण्यात गेलं. चाळीसगावच्या बाजारपेठेत खाली त्यांच्या यजमानांचं, दलिचंदजींचं, धान्याचं दुकान, वर घर. डाळीत भुंगा निघाला, गव्हात सोंडा निघाला, तर त्याला चिमटीत धरायचं नाही. कागदाच्या तुकड्यावर चढवायचं आणि गच्चीच्या कठड्यावर नेऊन सोडायचं. जैनाघरची रीतच ती. पण सज्जनबाई सोडण्याआधी जरा थांबत. याच्या मिशा अशा का, त्याच्या पाठीवर ठिपके किती, बघत राहत.

सून विधीने त्यांना मोबाइल दिला आणि धुळ्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या मेघा मॅडमच्या ग्रुपमध्ये घातलं. शेतातल्या, परसातल्या किड्यांचे नि कोळ्यांचे फोटो लोकांनी टाकायचे, जाणत्यांनी नाव सांगायचं. सज्जनबाई पुस्तकं मागवून शिकल्या. दोनेक वर्षांत लोक मॅडमऐवजी थेट त्यांनाच विचारू लागले.

“आक्का, हा चावतो का?”

“नाकतोडा आहे तो. तुमच्यापेक्षा तोच जास्त घाबरलाय.”

दलिचंदजी गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत, “वर आमची किड्यांची कचेरी चालते.” सज्जनबाई वरकरणी रागवत, पण नाव बरोबर निघालं, मॅडमने शाबासकीचा अंगठा टाकला, की त्या दिवशी त्यांच्या हातची भाजीही वेगळी लागे.

श्रावणात एरंडोलकडच्या एका गावातून निंबाभाऊंचा फोटो आला. कपाशीच्या दोन ओळींमध्ये जाळं, जाळ्यात पांढरी फुली आणि फुलीवर पाय जोडून बसलेला पिवळ्या पट्ट्यांचा कोळी. “आक्का, यानं नाव काय शे?”

फुली विणणाऱ्या कोळ्यांच्या दोन-तीन जाती दिसायला सारख्या. सज्जनबाईंना खात्रीचं नाव हवं होतं. त्यांनी लिहिलं, “पोटाची बाजू दिसेल असा स्पष्ट फोटो पाठवा.”

दुसऱ्या दिवशी फोटो आला तेव्हा त्यांच्या तोंडून “वा!” निघून गेलं. पांढऱ्या कागदावर कोळी उताणा, आठही पाय पसरलेले, पोटावरची खूण न् खूण स्पष्ट. पुस्तकातल्या चित्रासारखा. त्यांनी मोठा करून पाहिला. पायांच्या टोकांशी, फोटोच्या कडेला, बारीक तपकिरी टोकं होती. बाभळीचे काटे.

मेलेल्या कोळ्याचे पाय आत वळतात, हे त्यांनीच कितीदा लोकांना समजावलं होतं. हे पाय कोणीतरी काट्यांनी ताणून धरले होते; जिवंत कोळी असा उताणा, शांत पडून राहत नाही. त्यांचं बोट क्षणभर थांबलं. मग त्या बोटाने फोटोच्या चारही कडा आत ओढल्या. काटे कापले गेले. कोळी तेवढा उरला.

जातीचं नाव लिहून त्यांनी तो ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, “नमुना फोटो. शक्यतो असे काढावेत.” मॅडमने टाळ्या वाजवल्या. निंबाभाऊंचं अभिनंदन झालं.

त्यानंतर ग्रुपवर फोटो फार चांगले येऊ लागले. पांढऱ्या कागदावर खंडोबाचा किडा. पांढऱ्या कागदावर चतुर, पंख एकदम सरळ. सज्जनबाई नावं सांगत होत्या, पण नाव लिहून झालं की फोन पालथा ठेवत. एक दिवस शिंदखेड्याच्या भिकनने फुलपाखरू पाठवलं. पंखांत चार टाचण्या. कडा कापायचंही त्याला सुचलं नव्हतं. खाली लिहिलं होतं, “आक्का, निंबाभाऊसारखाच जमला का?”

त्या दिवशी पर्युषण सुरू झालं होतं. सज्जनबाईंचा उपास होता.

दोन दिवसांनी घरात फक्त “येते” म्हणून त्या एरंडोलच्या एसटीत बसल्या. निंबाभाऊ फाट्यावर घ्यायला आले. साठीचा हसरा माणूस. आक्का आपल्या शेतात आल्याचा आनंद त्याच्या चालण्यात दिसत होता.

“निंबाभाऊ, त्या कोळ्याला मारलं होतं ना?”

“मंग! जिता कोळी पोट दखाडी का, आक्का? तुम्हीनच सांगेल व्हतं, पोट पाहिजे. मी फवारा मारा. पाय गोळा व्हई ग्यात, मंग काटा टोचीसन सरळ करात.” ते जरा थबकले. “तुमले आवडना ना फोटो?”

सज्जनबाई जाळ्याच्या जागेशी उभ्या होत्या. जाळं नव्हतं, एक धागा दोन झाडांमध्ये उन्हात चमकत होता. त्या कपाशीच्या झाडाला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेल्या. चार पावलंही नव्हती. तिथून निंबाभाऊ धाग्याच्या पलीकडे दिसत होते.

“इथे उभं राहिलं असतं, तर पोट दिसलं असतं,” त्या म्हणाल्या. “तो जाळ्यात बसलेला असताना.”

निंबाभाऊंनी पाहिलं, मान डोलावली. मग साधेपणाने विचारलं, “मंग हाई आधी का नही सांगं, आक्का?”

सज्जनबाईंनी हात जोडले.

“किडानी माफी मले मांगतस का?” निंबाभाऊ हसले. “चाला, चहा... नही, तुमना उपास शे.”

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीच्या दुपारी, ग्रुपवर क्षमापनेची फुलाफुलांची चित्रं येत होती. त्यांतच सज्जनबाईंनी निंबाभाऊंच्या कोळ्याचा तो फोटो टाकला, पूर्ण, काट्यांसकट. खाली लिहिलं: “हे काटे मी पाहिले होते. मी कापले. निंबाभाऊंनी मी मागितलं तेच दिलं. दोष माझा आहे. जाळ्याच्या मागे जाऊन फोटो काढा, हे एक वाक्य मी लिहिलं नाही. यापुढे कोणत्याही जिवाला मारून, टोचून फोटो काढू नका. ओळखता आलं नाही तर राहू द्या.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मॅडमने बऱ्याच वेळाने हात जोडले. दलिचंदजींनी जिना चढून येऊन नुसतं विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?” सज्जनबाई हो म्हणाल्या. ते जिना उतरून दुकानात गेले.

संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसल्या. त्या पाठात जाता-येता नकळत दुखावलेल्या जिवांची क्षमा मागताना कोळ्याच्या जाळ्याचाही उल्लेख येतो. वर्षानुवर्षं त्या तो शब्द भरभर म्हणून पुढे जात. आज तिथे अडल्या. तो शब्द नकळत झालेल्या चुकीसाठी होता. त्यांची चूक तशी नव्हती.

दिवाळीच्या सुमारास निंबाभाऊंचा फोटो आला. तसलंच जाळं, मागच्या बाजूने काढलेलं. वारा असावा, कोळी म्हणजे नुसता पिवळसर डाग, फुलीही फाटल्यासारखी. सज्जनबाईंनी मोठा करून पाहिला. पट्टे कळत नव्हते, पोटावरची खूण कळत नव्हती. “अजून एक” असं त्यांनी लिहिलं. पुसलं. मग लिहिलं, “कोळी.”

लगेच भिकन आला. “आक्का, कोळी शे हाई तर मनी म्हैस बी सांगी!”

ग्रुप हसला. सज्जनबाई त्या पिवळ्या डागाकडे बघत राहिल्या. या खेपेला त्यांनी फोन पालथा ठेवला नाही.