कानाशी धरलेली दुनळी

आमचे हे बंदुकांच्या दुकानात जन्मभर एकच काम करत आले: घेणाऱ्याला कोणती घ्यावी ते सांगायचं. दोन नळ्यांची बंदूक, दुनळी, इंग्लिश घेऊ की स्पॅनिश, एवढं कुणी विचारायचा अवकाश, यांची गाडी सुटलीच. “इंग्लिश म्हणजे मोठ्या घरचं स्थळ. रूप आहे, तोल आहे, पण वय झालेलं. चौकशी करूनच घ्यावी. स्पॅनिश दिसायला बेताची. आतलं घोडा-चापाचं यंत्र तेच, किंमत मात्र निम्मी.” लग्नाच्या वेळी माझी एवढी चौकशी केली नव्हती यांनी!

चौकशीची यांची रीतही ठरलेली. नळ्यांखालचं लाकूड काढायचं, बंदूक मिटून कानाशी धरायची आणि हलवायची. नळ्या जिथे दुमडतात तो सांधा झिजलेला असेल तर बारीक टकटक होते. ती ऐकली की हे सांगायचे, “ही नको.” मालकाचा विश्वास, आमची चूल, यांचा रुबाब, सगळं त्या कानावर.

आणि तोच कान गेला. वर्षभर मी घरात घसा फोडून बोलतेय, तर म्हणतात, “तूच हल्ली पुटपुटतेस.” डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतात. मालकाला कळलं तर काय, हीच मला धास्ती.

काल डबा द्यायला गेले, तर काउंटरवर दोन बंदुका आणि समोर नेमबाजी शिकणारी एक बाई. यांनी आधी स्पॅनिश हलवली. ती वाजली नाही. मग इंग्लिश हलवली. मला पार दारातल्या स्टुलावर ऐकू आलं, टक, टक, टक.

“हीच घ्या,” हे म्हणाले. “डोळे झाकून घ्या. जराही ढिली नाही.”

बाई चपापली. “काका, वाजतेय की ही.”

“काय?”

“वाजतेय!” मालक गल्ल्यावरून ओरडला. पोरगेला आहे, यांना बापासारखं मानतो. ओरडला आणि त्याचाच चेहरा उतरला. बाईला घेऊन तो कागद करायला आत गेला. तिनं स्पॅनिश घेतली.

यांनी कपाट उघडलं. एक बंदूक काढली, लाकूड सोडवलं, कानाशी हलवली. ठेवली. दुसरी काढली. मग तिसरी. मला बघवेना. वैऱ्यावरसुद्धा अशी वेळ येऊ नये. शेवटी कोपऱ्यातली खिळखिळी काढली, यांनी स्वतःच मोडीत काढलेली. ती तर नुसती खडखडत होती, आणि हे कान देऊन उभे.

“अहो, पुरे करा!” मी ओरडलेच.

माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “अगं, सगळ्याच चांगल्या कशा असतील?”